ईएसआय बंद करून मेडिक्लेम घ्यावा का? साकीनाक्याच्या एका गाळामालकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साकीनाक्याला कार्टन छपाईचा गाळा. १४ कामगार, सुपरवायझर आणि अकाउंटंट धरून २ ऑफिस स्टाफ, शिवाय ठेकेदाराची ६ माणसं. नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यामुळे ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, खर्च दुप्पट होणार असं मालकांना कुणीतरी सांगितलंय. विमा एजंट म्हणतो, ईएसआय सोडा, २२ जणांचा ग्रुप मेडिक्लेम वर्षाला १ लाख ६० हजारांत करून देतो. न्यू जर्सीचा मेव्हणा म्हणतो, अमेरिकेत असल्याच कायद्यानं छोटे धंदे वाकले. मग करायचं काय?

एजंटाचं कोटेशन आधी बाजूला ठेवा. ईएसआय ‘सोडता’ येत नाही. दहा किंवा जास्त माणसं झाली की ते लागू होतं, आणि एकदा लागलं की पुढे संख्या नऊवर आली तरी सुटका नाही. चांगली पर्यायी सोय दाखवून सूट मिळवण्याची वाट जुन्या कायद्यात होती, पण ती सरकारी मंजुरीची, मुदतीची, आणि मोठ्या आस्थापनांनाच परवडणारी. मेडिक्लेमची पॉलिसी दाखवून आजवर कुणा गाळेवाल्याला सूट मिळालेली मी तरी पाहिली नाही. मिळणारही नाही, कारण मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. आजारपणातला पगार, अपघाताचं निवृत्तिवेतन, बाळंतपणाचा पगार यातलं काहीच तो देत नाही.

आणि ते १ लाख ६० हजार मुळात १ लाख ६० हजार नाहीतच. २२ सप्टेंबर २०२५ पासून आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला ही बातमी सगळ्यांनी वाचली. तो गेला वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच संरक्षण देणाऱ्या, पॉलिसीवरचा. ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के तसाच आहे. म्हणजे वर २८,८०० रुपये, आणि कायद्यानं सक्तीचा नसलेला विमा असल्यामुळे त्याचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावटही, तुम्हाला मिळत नाही. एकूण १ लाख ८८ हजार ८००. हा आकडा एजंटाच्या कागदावर बहुधा तळाला, बारीक अक्षरात असेल.

आता दुप्पट खर्चाची भीती. दर बदललेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये एकूण वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आली: मालकाचे सव्वातीन, कामगाराचा पाऊण. ते आजही तेवढेच. ज्याच्या वर ईएसआय लागत नाही ती पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० आहे. बदलली आहे ती ‘वेतन’ कशाला म्हणायचं ही व्याख्या, आणि तिचा परिणाम तुमच्या गाळ्यात दोन उलट्या दिशांनी होतो.

मशीनवरचा कामगार घ्या. मूळ वेतन आणि महागाई भत्ता १४,५००, घरभाडे भत्ता ४,०००, हातात यायच्या आधी एकूण १८,५००. ईएसआयच्या जुन्या व्याख्येत घरभाडे भत्ताही धरला जायचा, म्हणून तुमचा वाटा ६०२ रुपये व्हायचा. नव्या व्याख्येत घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन या गोष्टी बाहेर जातात. फक्त त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग परत वेतनात मिळवायचा. इथे ४,००० निम्म्याच्या बरेच खाली आहेत. म्हणून वेतन १४,५०० आणि तुमचा वाटा ४७२. माणशी महिना १३० रुपये कमी. १४ जणांचे वर्षाला १ लाख १ हजार १३६ जायचे, तिथे ७९,२९६ जातील. दिवाळीच्या आधी ओव्हरटाइम चढायचा आणि त्यावरही वर्गणी जायची, तीही आता नाही. खूश होण्याआधी एवढं ध्यानात घ्या की आजारपणाचा भत्ता याच वेतनावर मोजतात. वर्गणी कमी झाली तसा कामगाराचा भत्ताही कमी झाला. चार महिन्यांनी एखादा पाय मोडून बसला की तो हा हिशेब तुमच्याच टेबलासमोर उभा राहून विचारणार आहे.

सुपरवायझरचं गणित बरोबर उलटं. समजा त्याचा एकूण पगार ३२,०००: मूळ आणि महागाई भत्ता १८,०००, घरभाडे ९,०००, प्रवासभत्ता ३,०००, स्पेशल अलाउन्स २,०००. आजवर तो ईएसआयच्या बाहेर होता. नव्या व्याख्येत घरभाडे आणि प्रवासभत्ता मिळून १२,००० वगळले जातात. स्पेशल अलाउन्स मात्र वगळण्याच्या यादीत नाही, तो वेतनातच राहतो. वेतन झालं २०,०००. मर्यादा २१,०००. म्हणजे गडी ईएसआयच्या आत आला. तुमचे महिना ६५०, त्याचे १५०. त्याला तुम्ही मेडिक्लेमही देत असाल तर एकाच माणसाच्या तब्येतीवर दोनदा खर्च सुरू झाला.

ही गोष्ट किती वरपर्यंत जाते ते पाहा. वेतन कधीही एकूण मोबदल्याच्या निम्म्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून पगाराची मांडणी तशी असेल तर ४२,००० एकूण पगाराचा माणूसही २१,००० च्या आत बसतो. मुंबईतल्या बऱ्याच छोट्या ऑफिसांना हे अजून उमगलेलं नाही. त्यांच्या अकाउंटंटच्या डोक्यात ‘एकवीस हजारांवर ईएसआय नाही’ हे वाक्य पक्कं आहे, पण एकवीस हजार कशाचे, हा प्रश्न बदललाय.

यावर सल्लागार मंडळी झटपट तोडगा देतात: घरभाड्यातले १,५०० काढून मूळ वेतनात टाका, वेतन २१,५०० करा, माणूस बाहेर. कायद्यानं यात गैर काही नाही. तुमचे वर्षाला ७,८०० वाचतात, त्याचे १,८००. फक्त ग्रॅच्युइटी विसरू नका. ती शेवटच्या वेतनावर, १५ भागिले २६ या हिशेबानं, मागच्या सगळ्या वर्षांसाठी मोजतात. वेतन १,५०० नं वाढलं की दर वर्षाच्या नोकरीमागे ८६५ रुपये वाढतात. सुपरवायझर तुमच्याकडे १२ वर्षं असेल तर आजच्या आज १०,३८५ रुपयांचं देणं डोक्यावर चढलं. आणि वर्गणीचा सहामाही काळ चालू असताना, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्चच्या मध्येच मांडणी बदललीत, तर तो काळ संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते, तीही वाढलेल्या वेतनावर.

अकाउंटंट बाईंच्या बाबतीत तर हा तोडगा अंगाशी येऊ शकतो. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सरकारनं सुधारणा केली, चांगली केली, पण ईएसआयच्या बाहेरच्या बाईचा तो पगार पूर्ण मालकाच्या खिशातून जातो. २१,५०० वेतन धरलं तरी सहा महिन्यांचे सव्वा लाखाच्या वर, शिवाय त्या काळात हिशेब बघायला दुसरं माणूस. तीच बाई ईएसआयच्या आत असेल आणि आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरली असेल, तर २६ आठवड्यांचा शंभर टक्के भत्ता ईएसआय महामंडळ देतं. महिना साडेसहाशे वाचवायला निघून सव्वा लाखाचं देणं स्वतःकडे ओढून घेण्यात शहाणपण कसलं? (आणि ‘मग बाई माणूस ठेवतच नाही’ असं काही मालक माझ्यासमोर बिनदिक्कत बोलतात. ते बेकायदा आहे हे सोडाच, हिशेब पक्के ठेवणारी माणसं या पगारात साकीनाक्याला कुठून आणणार ते मला सांगा.) म्हणून माझं मत: दोघांची पगाराची मांडणी एकसारखी ठेवा आणि दोघांनाही आत राहू द्या.

अपघाताचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण तुमच्याकडे डाय पंचिंग मशीन आहे. त्या मशीनवर बोटं जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. कामगार ईएसआयच्या बाहेर असेल तर नुकसानभरपाई थेट मालकावर येते. जुन्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. मृत्यू झाला तर वेतनाच्या निम्मे, वेतनाची कमाल मर्यादा १५,०००, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८. साधारण १५ लाख ६० हजार. एका मशीनच्या एका चुकीला. ईएसआयमध्ये नोंदलेल्या कामगाराची ही जबाबदारी महामंडळाकडे जाते: जखमी असताना वेतनाच्या ९० टक्के, मृत्यू झाला तर घरच्यांना त्याच हिशेबानं मासिक निवृत्तिवेतन, आणि त्यासाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली हवी अशी अटही नाही. पहिल्या दिवशी कामावर आलेल्या पोराचा हात गेला तरी संरक्षण आहे. अट एकच, त्याची नोंद झालेली असली पाहिजे. ‘महिनाभर बघू, टिकला तर नाव चढवू’ ही आपल्याकडची सवय इथे महागात पडते.

तर मग मालकांचा राग कशावर असतो? दहापैकी नऊ मालक मला एकच वाक्य ऐकवतात: पैसे भरतो, पण माझा एकही माणूस ईएसआयच्या दवाखान्यात जात नाही. यात तथ्य आहे, आणि माझ्या मते तुमचा खरा खर्चही इथेच आहे. तो चलनावर दिसत नाही.

पाहा काय होतं. कामगाराला ताप येतो. तो नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो, सलाइन लावून घेतो, दोन दिवस खाडा होतो. तिसऱ्या दिवशी येऊन तुमच्याकडे दोन हजारांची उचल मागतो. तुम्ही देता, कारण ऑर्डर अडलेली असते. ती उचल पगारातून पूर्ण कधी कापली जात नाही. वर्षअखेरीला अकाउंटंट ‘स्टाफ वेल्फेअर’ला टाकते. त्याच महिन्यात त्याच माणसाच्या नावानं ४७२ रुपये तुम्ही भरलेत आणि पाऊण टक्का त्याच्या पगारातून कापलाय. सगळ्या गाळ्याच्या वर्षभराच्या अशा उचली एकदा कागदावर काढा. माझ्या पाहण्यात हा आकडा बऱ्याच वेळा ईएसआयच्या चलनांच्या बेरजेच्या जवळ जातो, आणि एखाद्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन खासगी नर्सिंग होममध्ये झालं असेल तर पुढेही.

माणसं जात नाहीत त्याला कारणंही आहेत. मुंबईत ईएसआयची मोठी रुग्णालयं कांदिवली, मुलुंड, वरळी, परळ, अंधेरी इथे आहेत. परळचं महात्मा गांधी स्मारक आणि वरळीचं, ही गिरण्या होत्या त्या काळच्या कामगारवस्तीच्या पायरीवरची. कारखाने पुढे सरकले, कामगार नालासोपारा, दिवा, कळव्याला राहायला गेले, रुग्णालयं तिथेच राहिली. तुमच्या गाळ्याला सगळ्यात जवळचं अंधेरीचं, म्हणजे मरोळ एमआयडीसीतलं. तिथे १७ डिसेंबर २०१८ ला आग लागली, माणसं दगावली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते पूर्ण क्षमतेनं चाललंच नाही. रोजंदारीच्या हिशेबानं जगणारा माणूस अर्धा दिवस रांगेत घालवत नाही, त्याला दोष देता येणार नाही. व्यवस्थेतली ही उणीव सरकारची आहे आणि तिची किंमत तुम्ही आणि कामगार दोघं भरता.

पण निम्मी कारणं आपल्या हातातली आहेत. तुमच्या १४ जणांपैकी किती जणांकडे ई-पेहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राची, छापील प्रत आहे ते विचारा. माझा अंदाज, कार्डं अकाउंटंटच्या कॉम्प्युटरमध्ये पडून असतील. बायकोमुलांची नावं चढवलीत का? गावी जौनपूरला किंवा चिपळूणला कुटुंब असेल तर त्यांच्यासाठी तिथला वेगळा दवाखाना निवडता येतो, हे कुणी सांगितलंय का? आजारपणाच्या ७० टक्के भत्त्यासाठी, जो वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. नाक्यावरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो मिळत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तिकडे जायला हवं. टीबी, कॅन्सरसारखा लांबणारा आजार असेल तर पुढे ८० टक्क्यांचा वाढीव भत्ता आहे. उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही, डायलिसिस लागलं तर करारातल्या खासगी हॉस्पिटलात पाठवतात. दोन लाखांचा मेडिक्लेम डायलिसिसला किती महिने पुरेल?

नव्या संहितेच्या जोडीच्या, कामाच्या जागेवरच्या सुरक्षा संहितेनं ४० वर्षांवरच्यांची वार्षिक मोफत तपासणी आणली आहे. हा खर्च किरकोळ आहे, त्यावर डोकं घालवू नका. ईएसआयमध्येही चाळिशीवरच्यांच्या तपासणीची सोय आहे, आधी तिथे विचारा, नाही जमलं तर लॅबवाला गाळ्यावर येऊन रक्त घेऊन जातो.

मेव्हण्याच्या अमेरिकेबद्दल थोडं. तिथला २०१० चा कायदा ५० किंवा जास्त पूर्णवेळ माणसं असलेल्या मालकाला लागतो, आठवड्याला ३० तास काम म्हणजे पूर्णवेळ, आणि विमा दिला नाही तर दंड. काही मालकांनी तास ३० च्या खाली आणले, हेही खरं. पण तिथे मालक खासगी कंपनीचा विमा विकत घेतो आणि त्याचा हप्ता दर वर्षी बाजार ठरवतो. आपल्याकडे दर कायद्यानं बांधलेला आहे, आणि २०१९ मध्ये तो उलट खाली आला. साम्य आहे ते उंबऱ्याचं. तिथे ५० चा, आपल्याकडे १० चा. उंबरा आला की लोक त्याच्या अलीकडे थांबतात. साकीनाक्यात एकाच छताखाली नवरा, बायको आणि भाऊ यांच्या नावानं तीन फर्म, प्रत्येकीत आठ-आठ माणसं, हे दृश्य तुम्हालाही नवीन नाही. तपासणीत वीजमीटर एक, मशीन एक, मस्टर लिहिणारा हात एक असं दिसलं की तिन्ही एकत्र धरतात. मग मागच्या पाच वर्षांची वर्गणी, वर १२ टक्के व्याज, वर दंड. आणि कामगाराचा पाऊण टक्का मागच्या पगारातून आता कापता येत नाही, तोही मालकाच्याच गळ्यात.

ही वर्गणी शेवटी भरतो कोण, हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न आहे. मालकाचा हिस्सा पगारातून कापायला कायद्यानं मनाई आहे. तरी ‘सीटीसी’मध्ये, म्हणजे माणसावरच्या एकूण खर्चाच्या आकड्यात, तो मिळवून आकडा फुगवलेला मी रोज बघतो, आणि हजाराच्या इन्क्रिमेंटची आठशे होते तेव्हा उरलेले दोनशे कुठे गेले ते सगळ्यांना ठाऊक असतं. जिथे माणूस किमान वेतनावर आहे तिथे मात्र पगार खाली ओढायला जागाच नसते. तुमचे हेल्पर तसे असतील तर त्यांचा पूर्ण भार तुमच्यावर, तो गिऱ्हाइकाच्या दरात धरा. कार्टनच्या कोटेशनमध्ये कागद, शाई, वीज लिहिता, तशी ही ओळही लिहा.

म्हणजे मेडिक्लेम नकोच का? २२ जणांचा नको. ज्यांचं वेतन खरोखर २१,००० च्या वर आहे त्यांच्यापुरता घ्या, म्हणजे आज तरी कुणाचाच नाही. सुपरवायझरला खासगी हॉस्पिटलची खात्री हवीच असेल तर त्यानं स्वतःची फॅमिली फ्लोटर घ्यावी आणि तुम्ही हप्त्याची काही रक्कम भरून द्यावी. वैयक्तिक पॉलिसीवर आता जीएसटी नाही. तोटा असा की ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुतेक पहिल्या दिवसापासून धरतात, वैयक्तिकमध्ये तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याला साखर असेल तर हे त्याला आधी सांगा. आईवडिलांना पॉलिसीत घेण्याचा हट्ट झाला तर हप्ता सगळ्यात जास्त त्यांच्यामुळेच चढतो. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण उत्पन्नाची अट न लावता आहे, ते कार्ड काढून द्यायला मदत करा. जवळचं कुठलं हॉस्पिटल ते घेतं, हे मात्र आजारी पडायच्या आधी तपासून ठेवा.

राहिली ठेकेदाराची ६ माणसं, आणि मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त धोका तिथेच दिसतो. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांचं ठेकेदार बघतो’. कायदा तसं म्हणत नाही. मुख्य मालक तुम्ही आहात, त्यानं भरलं नाही तर तुम्ही भरायचं. बिलात तो ‘ईएसआय ३.२५ टक्के’ अशी ओळ लावतो आणि तुम्ही ती पास करता, पण चलनात ती माणसं आहेत का, हे कुणी पाहत नाही. तपासणी अधिकारी ताळेबंद उघडतो आणि ‘लेबर चार्जेस’, ‘हमाली’, ‘लोडिंग-अनलोडिंग’ या खात्यांवर बोट ठेवतो. वर्षाला १२ लाख तिथे पडले असतील आणि नावानिशी पुरावा नसेल, तर चार टक्क्यांनी ४८,०००. पाच वर्षांचे २ लाख ४० हजार, व्याज वेगळं. तुमच्या १४ कामगारांच्या तीन वर्षांच्या वर्गणीपेक्षा हे जास्त झालं.

या महिन्याचं त्याचं बिल पास करण्याआधी सहाही जणांचे आयपी नंबर (ईएसआयमधले नोंदणी क्रमांक) आणि मागच्या महिन्याच्या चलनासोबतची नावांची यादी मागा. हजेरीपत्रकाशी नाव न् नाव ताडून बघा. १५ तारखेच्या आत यादी आली नाही तर त्या सहा जणांची वर्गणी तुमच्या ईएसआय कोडखाली भरा आणि तेवढी रक्कम त्याच्या बिलातून कापा. तसा अधिकार कायद्यानंच तुम्हाला दिलेला आहे. तो ओरडेल, ओरडू द्या.